संख्या, स्ट्रिंग आणि देवनागरी

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणात मोडणाऱ्या भीमपूरकडच्या अनेक घरांत मराठीच बोलली जाते. तिथला विद्यार्थी जावास्क्रिप्ट शिकू लागला की पहिला अडथळा येतो तो विदाप्रकारांचा. ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये रचली. तिच्यात मूळ प्रकार सात: स्ट्रिंग, नंबर, बिगइंट, बूलियन, अनडिफाइन्ड, नल आणि सिम्बॉल. आरंभी पहिले दोन नीट समजले तरी पुष्कळ झाले.

अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर म्हणजे स्ट्रिंग. चिन्हांविना लिहिलेला आकडा म्हणजे नंबर. अवतरणातल्या ५ मध्ये १ मिळवला तर उत्तर ६ येत नाही, ५१ येते. कारण अधिक चिन्ह स्ट्रिंगला पुढचा मजकूर जोडते. त्याच ५ मधून १ वजा केला, तर मात्र ४ मिळतात!

हे आकडे येथे देवनागरीत छापले असले, तरी संगणकावर ते इंग्रजी अंकांतच टंकावेत. देवनागरी पाच नंबर या फंक्शनला दिला, तर 'संख्या नव्हे' अशा अर्थाचे नॅन हे मूल्य हाती येते. आणि नॅनचा प्रकार विचारावा, तर उत्तर 'नंबर'. वैयाकरणांनाही हसू यावे असा हा प्रकार.

स्ट्रिंगची लांबी हा मात्र आपल्या भाषेचा प्रश्न आहे. 'ज्ञानेश्वर' या शब्दाची अक्षरे आपण चार मोजतो: ज्ञा, ने, श्व, र. जावास्क्रिप्टची लेंग्थ दहा सांगते, कारण तिच्या लेखी हलन्तचिन्ह, काना, मात्रा हे सारे स्वतंत्र घटक आहेत. मोठ्या अभंगाच्या चरणांतली सहा-सहा-सहा-चार अक्षरे लेंग्थने तपासू पाहणारा विद्यार्थी प्रत्येक चरणाला चुकीचा ठरवील. अर्जात नावाला आठ घटकांची मर्यादा घातली, तर 'ज्ञानेश्' एवढेच उरते, तेही पाय मोडलेले. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याचे निदान अक्षर तरी मोडत नाही.

अनडिफाइन्ड म्हणजे भरायचाच राहिलेला रकाना. नल म्हणजे भरणाऱ्याने मुद्दाम मारलेली आडवी रेघ. टाइपऑफ नलला 'ऑब्जेक्ट' म्हणतो. ती पहिल्या आवृत्तीतली चूक आहे. जुनी संकेतस्थळे बिघडू नयेत म्हणून ती अजून तशीच ठेवली आहे.