रीकच्या इशाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न : आमच्या जुन्या रूबी प्रकल्पावर ‘रीक’ चालवलं, तर इशाऱ्यांचा पाऊसच पडला. कोड तर नीट चालतो. सगळं दुरुस्त करायचं का?

उत्तर : नाही. रीक कोड चालवून पाहत नाही, फक्त वाचून रचना तपासतं. त्यामुळे इशारा म्हणजे चूक सापडली असं नव्हे. इथे पुन्हा नजर टाका, एवढंच. मेथडमध्ये ५ पेक्षा जास्त विधानं दिसली की ते तक्रार करतं. मला ही मर्यादा फार कडक वाटते. कॉन्फिगरेशनमध्ये ती खुशाल वाढवा.

‘फीचर एन्व्ही’ हा इशारा, म्हणजे मेथड स्वतःपेक्षा दुसऱ्याच ऑब्जेक्टची माहिती जास्त वापरते ही तक्रार, मात्र गांभीर्याने घ्या. समजा, इनव्हॉइसमधली एक मेथड आयटमला किंमत विचारते, नग विचारते, सवलत विचारते आणि स्वतःकडचा फक्त कराचा दर वापरते. मग कर लावण्याआधीचा हिशेब आयटमकडेच हवा. तो तिकडे हलवलात, की उद्या सवलतीचा नियम बदलला तरी एकाच जागी हात घालावा लागेल. ‘कंट्रोल पॅरामीटर’ही असाच: आत आलेला पॅरामीटर नुसता ‘इफ’ची वाट ठरवत असेल, तर बहुधा दोन मेथड करणं बरं.

बाकीचं आज सोडा. ‘टूडू’ पर्याय देऊन रीक चालवलंत, तर सध्याचे इशारे फाइलमध्ये नोंदले जाऊन गप्प होतात आणि नव्या कोडवर लक्ष राहतं. पण मेथड हलवण्याआधी तिच्या चाचण्या नक्की लिहा. बदलानंतर उत्तर तेच येतं का, हे रीक सांगू शकत नाही.