अवजार आणि हुन्नर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रभर पाऊस कोसळत होता. आमच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी बदलापूरला राहते. तिचे अब्बा उल्हासनगरला, कॅम्प नंबर पाचमध्ये, जीन्स शिवण्याचे काम करतात. त्यांना नगावर पैसे मिळतात. एक दिवस खाडा झाला, की त्या दिवसाची कमाई गेली.

पहाटे उठून मुलीने मोबाइलमधल्या मदतनिसाला विचारले, "आज बदलापूरहून लोकल चालू आहे का?"

पडद्यावर लगेच उत्तर उमटले. बदलापूर ते कल्याण गाड्या सुरळीत सुरू आहेत, असे त्यात लिहिले होते. अब्बांनी डबा घेतला, छत्री उघडली आणि ते स्टेशनवर गेले. रुळांवर पाणी होते. गाडीचा पत्ता नव्हता. दोन तास थांबून ते भिजलेल्या अंगाने घरी परतले. शेजारचे चाचा पहाटे सहाला टेम्पो घेऊन उल्हासनगरलाच गेले होते. आधी कळले असते, तर अब्बा त्यांच्याबरोबर गेले असते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात रागाने म्हणाली, "टीचर, ते यंत्र खोटं बोललं!"

मी म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, बेटा. त्याला खरं ठाऊकच नव्हतं. आपण त्याची परीक्षा घेऊ या."

आम्ही त्याच मदतनिसाला दुसरा प्रश्न विचारला : २०१९ साली महालक्ष्मी एक्सप्रेस कोठे अडकली होती? उत्तर अगदी बरोबर आले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ही गाडी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून जास्त प्रवासी होते. बचाव पथकांनी त्यांना बोटींतून सुखरूप बाहेर काढले. मग आम्ही विचारले, "आज उल्हास नदीचे पाणी किती आहे?" पुन्हा तसेच ठाम उत्तर आले. पण या वेळी ते निव्वळ अंदाजाने रचलेले होते.

वर्गात सगळे गोंधळले. सहा-सात वर्षांपूर्वीचे ठाऊक आहे आणि आजचे नाही, असे कसे?

मुलांनो, त्याचे कारण साधे आहे. अशा मदतनिसाच्या आत एक भाषा-प्रतिमान असते. त्याला पुष्कळ पुस्तके, वर्तमानपत्रे आणि लेख वाचायला देऊन तयार केलेले असते. हे वाचन एका तारखेला थांबते. २०१९ चा पूर वर्तमानपत्रांत छापून आला होता, म्हणून तो त्याच्या वाचनात आला. आजचा पाऊस कोणत्याही पुस्तकात नाही. एखाद्या विद्वानाला खिडकी नसलेल्या खोलीत बसवावे आणि "बाहेर ऊन आहे का?" असे विचारावे, तशी त्याची अवस्था असते. खरा विद्वान "मला ठाऊक नाही" असे म्हणेल. हे यंत्र मात्र पुष्कळदा तसे म्हणत नाही. पुढचा शब्द कोणता शोभेल, हे जुळवत जाण्याची त्याला सवय असते, आणि "गाड्या सुरळीत सुरू आहेत" हे वाक्य फार शोभते!

मग या खोलीला खिडकी करायची कशी? तर यंत्राला अवजारे द्यायची. 'अवजार' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतला 'औजार' तो हाच. मराठीने तो आपलासा केला, एवढेच. हवामान सांगणारी सेवा, रेल्वेचे वेळापत्रक, हिशेबाचे गणकयंत्र, दिनदर्शिका ही सर्व भाषा-प्रतिमानाची अवजारे होऊ शकतात.

येथे एक गंमत आहे. प्रतिमान स्वतः खिडकीतून डोकावत नाही. ते फक्त एक चिठ्ठी लिहिते. समजा, तुम्ही विचारले, "बदलापूरला आज पाऊस पडेल का?" प्रतिमानाजवळ अवजारांची यादी असते आणि प्रत्येकापुढे ते कशासाठी आहे, हे दोन ओळींत लिहिलेले असते. यादी पाहून ते ठरावीक नमुन्यात चिठ्ठी लिहिते : अवजार, हवामान, गाव, बदलापूर, दिवस, आज. बाहेर एक साधा प्रोग्राम बसलेला असतो. तो चिठ्ठी वाचतो, हवामान-सेवेकडे जातो, उत्तर आणतो आणि प्रतिमानापुढे ठेवतो. ते वाचून मग प्रतिमान तुम्हांला मराठीत उत्तर देते. एका चिठ्ठीने भागले नाही, तर ते दुसरी लिहिते. काम पुरे होईपर्यंत अशा फेऱ्या चालतात. असे काम करणाऱ्या मदतनिसाला 'एजंट' म्हणतात.

हे सगळे फार जुने नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी 'टूलफॉर्मर' नावाचा निबंध प्रसिद्ध केला. गणकयंत्र केव्हा वापरावे आणि शोध केव्हा घ्यावा, हे प्रतिमानाला शिकवता येते, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटीला 'प्लग-इन' जोडण्याची सोय जाहीर झाली. ती पुढच्या वर्षी बंदही झाली आणि तिची जागा दुसऱ्या पद्धतींनी घेतली. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असे. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचा एक सामाईक नमुना सर्वांसाठी खुला केला. घरात सगळ्या पिना एकाच मापाच्या असल्या, की कोणतेही यंत्र कोणत्याही बोर्डाला लागते, तसेच हे.

एवढे सांगून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "टीचर, अब्बांच्या मशीनलाही असे वेगवेगळे पाय असतात. साध्या शिलाईचा वेगळा, चेन लावायचा वेगळा."

तिने अगदी नेमके पकडले होते. मशीन तेच, पाय बदलला की काम बदलते. अंबरनाथच्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील. लेथ नुसता फिरतो. लोखंड कापते ते त्यात बसवलेले टूल.

मी तिला विचारले, "चेन लावायचा पाय उद्या मी बसवला, तर मला जीन्सची चेन लावता येईल का?"

सगळा वर्ग हसला.

कारण पाय मिळाला, पण हुन्नर मिळाला नाही. (हाही शब्द तुमच्याच घरचा. उर्दूत 'हुनर', मराठीत 'हुन्नर'.) आधी कापडाची कोणती बाजू दुमडायची, खूण कोठे करायची, टाका कोठे पक्का करायचा, हे उस्ताद शागिर्दाला दाखवतो. उस्तादाने हे सगळे एका वहीत क्रमाने लिहून ठेवले, तर? एजंटासाठी अशाच वह्या लिहितात. त्यांना 'स्किल' म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रोपिकने ही पद्धत पुढे आणली. एका फोल्डरमध्ये एक मजकूर असतो. वर नाव आणि उपयोग, खाली कामाची रीत. एजंट आधी फक्त नाव आणि उपयोग वाचतो. गरज पडली, तरच पूर्ण वही उघडतो. असे का? कारण त्याच्यापुढचे टेबल लहान असते. सगळ्याच वह्या एकदम पसरल्या, तर कामाचा कागद ठेवायला जागा उरत नाही. अवजारे आणि वह्या एकाच पेटीत भरून दिल्या, की काही ठिकाणी त्या पेटीला प्लग-इन म्हणतात.

आपल्या राज्यातही याचा उपयोग सुरू झाला आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या कृषी विभागाने 'महाविस्तार' हे ॲप आणले. त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. हवामान, बाजारभाव, पिकावरची कीड यांची माहिती त्यात मिळते. कांद्याचा आजचा भाव कालच्या पुस्तकात सापडणार नाही. तो बाजाराच्या नोंदीतूनच आणावा लागतो. चुकीचा भाव सांगितला, तर एखादा शेतकरी भरलेला टेम्पो घेऊन उगाच चाळीस किलोमीटर जाईल. डिझेलचे पैसे त्याला यंत्र देणार नाही.

आणि काही अवजारे नुसती माहिती आणत नाहीत, कामही करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीतून यूपीआयने पैसे देण्याची चाचणी भारतात जाहीर झाली. येथे फार जपावे लागते. आपण लहान भावाला दूध आणायला पाठवतो, तेव्हा त्याच्या हाती पन्नास रुपये देतो; अम्मीचे पाकीट देत नाही. एजंटाचेही तसेच आहे. त्याने वाचलेल्या एखाद्या पानावर कोणी लबाडाने "याचे पैसे अमक्याला पाठव" असे लपवून लिहिले असेल, तर तो तो हुकूम तुमचाच समजू शकतो. असे प्रकार घडवून दाखवलेले आहेत. म्हणून पैसे देणे, काही पुसून टाकणे, कोणाला निरोप पाठवणे यांआधी त्याने माणसाची परवानगी घेतली पाहिजे, आणि माणसाने ती न वाचता देऊ नये. खरे सांगायचे, तर हे दुसरे काम मला जास्त अवघड वाटते.

त्या मुलीने आता एक नवा नियम केला आहे. मदतनिसाने उत्तर दिले, की ती विचारते, "हे तू कोठून आणलेस? किती वाजताचे आहे?" अवजार वापरले असेल, तर तो जागा आणि वेळ सांगतो; मग ती जागा उघडून ती स्वतः पाहते. त्याला ते सांगता आले नाही, तर ती चपला घालून टेम्पोवाल्या चाचांच्या दारी जाते.

स्वाध्याय

१. मदतनिसाला २०१९ चा पूर ठाऊक होता, पण आजचा पाऊस ठाऊक नव्हता. का?

२. 'अंबरनाथहून कल्याणला जाणारी पुढची गाडी केव्हा आहे?' या प्रश्नासाठी प्रतिमान कोणती चिठ्ठी लिहील? ती लिहून दाखवा.

३. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला येणारे एक काम निवडा. ते दुसऱ्याला करता यावे, अशी त्याची रीत आठ-दहा ओळींत लिहा. ती वाचून वर्गमित्राने ते काम करून पाहावे. कोठे अडले, ते नोंदवा.

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द या पाठातून शोधा.