विजेची गाडी घरी चार्ज करताना घ्यावयाची दक्षता

खेड्यापाड्यांतून विजेवर चालणाऱ्या दुचाकी, मालवाहू तीनचाकी व मोटारगाड्या आता दिसू लागल्या आहेत. दूध संकलन केंद्रावर पोचविणे, भाजीपाला आठवड्याच्या बाजारी नेणे, अशा कामांसाठी त्या सोयीच्या आहेत. परंतु गाडी घेताना तिच्या किमतीची चौकशी जितकी होते, तितकी घरातील वायरिंगची होत नाही. गाडी निर्दोष असूनही जुन्या वायरिंगमुळे घरास आग लागू शकते. म्हणून गाडी दारात येण्यापूर्वीच चार्जिंगची व्यवस्था करणे जरूर आहे.

भार किती व किती वेळ

घरातील मिक्सर पाच मिनिटे चालतो. गाडीचा चार्जर मात्र तासन् तास सलग वीज घेतो. मोटारगाडीचा 3 किलोवॅटचा चार्जर 230 व्होल्ट दाबावर सुमारे 13 अँपिअर प्रवाह घेतो व आठ तासांत 24 युनिट वीज खर्च करतो. दिवे व पंखे यांसाठी बसविलेल्या 6 अँपिअरच्या सॉकेटला हा भार पेलत नाही. सांधा सैल असल्यास तेथे उष्णता निर्माण होते आणि प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट होते. प्रथम प्लग तापतो, नंतर प्लॅस्टिक वितळते व अखेर आग लागते.

सॉकेट व अर्थिंग

मोटारगाडीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचे सॉकेट, योग्य क्षमतेचा एमसीबी व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. अंगातून वीज जाऊ लागताच आरसीसीबी पुरवठा तोडतो. दुचाकीचा भार कमी असला, तरी चार्जरवर लिहिलेले अँपिअर पाहूनच सॉकेट निवडावे. प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नये. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालून ओल राखावी. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

कृषिपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करू नये. मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला विजेचा वापर विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 अन्वये अनधिकृत ठरतो.

जागा व बॅटरी

कडब्याची गंजी, सरपण किंवा गोठा यांजवळ चार्जिंग करू नये. घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवरही गाडी लावू नये. काढता येणारी बॅटरी निजण्याच्या खोलीत चार्ज करणे धोक्याचे आहे. उन्हातून आलेली गाडी थोडी निवू द्यावी. चार्जर त्या गाडीसाठी नेमून दिलेलाच वापरावा. फुगलेली, आपटलेली अथवा पुरात बुडालेली बॅटरी तपासून घेतल्याशिवाय चार्ज करू नये. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो; म्हणून जागा हवेशीर असावी व तेथे विडी पेटवू नये.

साधी परीक्षा

नव्या सॉकेटवर चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लगला हाताच्या मागील बाजूने स्पर्श करावा. हात ठेववत नसेल, तर वायरमनने पाहीपर्यंत ते सॉकेट वापरू नये. जळका वास किंवा धूर येताच, शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा, घरातील सर्वांस बाहेर काढावे व अग्निशमन दलास 101 क्रमांकावर कळवावे. बॅटरीचा धूर विषारी असतो. गाडी वाचविण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये.

ज्या घरी अशी गाडी येणार असेल, तेथे ग्रामसेवकांनी ही परीक्षा स्वतः करून दाखवावी. वायरिंगवर होणारा खर्च हा गाडीच्या किमतीचाच भाग आहे, असे शेतकरी बांधवांनी समजावे.