कुलाब्याचं रायगड करताना

फील्डमधला एखादा शब्द बदलणं आणि अख्खं फील्ड बदलणं यात फरक काय? उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. 1981 मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. समजा, त्याआधीच्या पत्त्यांचं टेबल तुमच्याकडे आलंय आणि त्यात नवं नाव घालायचंय.

बरेच जण घाईत पत्त्याच्या कॉलमवर 'रिप्लेस' फंक्शन चालवतात. ते मजकुरात जिथे जिथे 'कुलाबा' सापडेल तिथे 'रायगड' घालतं. त्याला भूगोल कुठे कळतो! मग 'कुलाबा किल्ला, अलिबाग'चा होतो 'रायगड किल्ला, अलिबाग'. म्हणजे शिवाजी महाराजांची राजधानी महाड तालुक्यातून उचलून थेट समुद्रात. मुंबईतल्या कुलाब्याचे लोकही बिनबोभाट रायगडात.

जिल्ह्याचा कॉलम वेगळा असेल तर पूर्ण व्हॅल्यू जुळली तरच बदला:

अपडेट पत्ते सेट जिल्हा = 'रायगड' व्हेअर जिल्हा = 'कुलाबा';

(कीवर्ड अर्थात इंग्रजीत टाइप करा.) बरोबरच्या चिन्हाऐवजी दोन्हीकडे टक्के लावून 'लाइक' वापरलंत, तर 'मुंबई (कुलाबा)' ही व्हॅल्यूसुद्धा अख्खी पुसली जाऊन तिथे 'रायगड' येईल. आणि 'व्हेअर'च विसरलात तर रत्नागिरीसकट सगळेच रायगडकर!

म्हणून आधी त्याच अटीवर काउंट घ्या. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवा. आकडा जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. कमिटनंतर उलटं 'कुलाबा' करायला गेलात, तर मूळचे 'रायगड' कोणते आणि तुम्ही केलेले कोणते, हे टेबल सांगणार नाही.