यमक कसें शोधावें?

विद्यार्थिमित्रहो, कविता करण्याची ज्यांस हौस असते, त्यांची पहिली तक्रार बहुधा हीच असते कीं, "ओळ सुचते, पण यमक जुळत नाहीं." यमक शोधण्याची एक साधी रीत आहे. ती आज पाहूं, आणि तिच्याबरोबर पाळावयाची एक सावधगिरीही पाहूं.

प्रथम यमक कशास म्हणावें? केवळ शेवटचें अक्षर सारखें असल्यानें तें साधत नाहीं. 'मळा' आणि 'शाळा' यांत अंत्याक्षर एकच, तरी कानाचें समाधान होत नाहीं. 'मळा' आणि 'गळा' यांत त्यापूर्वींचा स्वरही जुळतो, म्हणून तें यमक पुरतें वाटतें. उलट 'माल' व 'माळ' हे शब्द लिहिण्यांत जवळचे दिसले तरी उच्चारांत वेगळे आहेत. यास्तव केलेली ओळ नेहमीं मोठ्यानें म्हणून पाहावी.

आतां रीत. समजा, ओळीच्या शेवटीं 'माय' हा शब्द आला. 'आय' हा ध्वनि कायम ठेवून त्याच्या आरंभीं 'क'पासून 'ह'पर्यंत एकेक व्यंजन लावीत जावें: काय, गाय, जाय, न्याय, पाय, साय, हाय. नंतर लांब शब्द घ्यावे: उपाय, अपाय, समुदाय. ही यादी वहींत उतरून ठेवावी. 'घरांत', 'रानांत' अशीं केवळ प्रत्ययांचीं यमकें आपल्या भाषेंत पैशाला पासरी मिळतात. त्यांवर विसंबूं नये.

यमक कोठें यावें, हें रचनेवर अवलंबून असतें. मोठ्या अभंगांत 6, 6, 6 व 4 अक्षरांचे चरण असून दुसरा व तिसरा जुळतो. 'ज्ञानेश्वरी'च्या ओवींत पहिले तीन चरण जुळतात, चौथा मोकळा राहतो. कालिदासाच्या 'मेघदूता'स तर अंत्ययमकाची गरजच पडली नाहीं.

आतां सावधगिरी. 'माय' म्हणतांच 'साय' हा शब्द धांवत येतो. तो मऊ आहे, गोड आहे. परंतु ज्याची माय दिवसभर खुरपून सांजवेळीं घरीं येते, आणि ज्याच्या घरीं दुधाचा थेंब नाहीं, त्यानें 'साय' लिहिली तर यमक जुळेल, पण कविता खोटी होईल. त्या मायेचे भेगाळलेले 'पाय' त्यानें रोज पाहिले आहेत. त्याचा शब्द तोच. यादींत खरा शब्द न सांपडल्यास ओळ फिरवावी. 'सांजवेळीं येते माय' हीच ओळ 'माय येते सांजवेळीं' अशी होते, आणि यमकास नवा शब्द मिळतो. शब्दासाठीं अर्थ मात्र बदलूं नये.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं 1952 सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. शेत, जातें, चूल हेंच त्यांचें शब्दभांडार होतें. पालकांसही एक विनंती: घरांतील वडीलधाऱ्या बायकांस जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या मुलांस म्हणून दाखवाव्या. मुलांनीं त्या ऐकाव्या, उतरून घ्याव्या, आणि मग स्वतःच्या घरचा, स्वतः पाहिलेला शब्द यमकास बसवावा.