छायाचित्र वाचणारें यंत्र

विल्हेल्म रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हांपासून छाती न उघडतां जिवंत माणसाचीं फुप्फुसें पाहण्याची सोय झाली. परंतु छायाचित्र काढणें निराळें आणि तें वाचणें निराळें. बरगड्यांआड दडलेला पुसट डाग क्षयाचा आहे, कीं जुन्या आजाराचा व्रण आहे, हें ओळखावयास वर्षानुवर्षांचा सराव लागतो. असे जाणते डॉक्टर बहुधा शहरांत असतात. मेळघाटांतील डोंगराळ गांवांत ते कोठून मिळणार? हें वाचन संगणकाकडून करवून घेतां येतें काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

संगणकास केवळ अंक कळतात. म्हणून छायाचित्राचे लाखों सूक्ष्म ठिपके पाडून प्रत्येकाच्या उजळपणास एक अंक देतात. उदाहरणार्थ, अगदीं काळ्यास ० व अगदीं पांढऱ्यास २५५. मग डॉक्टरांनीं ज्यांचा निर्णय आधींच दिला आहे, अशीं हजारों छायाचित्रें त्यापुढें ठेवितात. यंत्र अंदाज करितें, चुकतें, आणि चुकीच्या मानानें आपलें गणित पुनःपुन्हां सुधारितें. आपल्या वऱ्हाडांतील कापसाचा पारखीही असाच तयार होतो. ढिगामागून ढीग हाताळूनच त्याची नजर बसते.

२०१६ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या 'क्यूअर डॉट एआय' या कंपनीनें छातीचीं छायाचित्रें वाचणारी अशी प्रणाली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं, १५ वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या व्यक्तींत क्षयाची चाळणी करण्यासाठीं मनुष्य-वाचकाच्या जागीं अशा प्रणाली वापरतां येतील, अशी शिफारस केली.

येथें 'चाळणी' हा शब्द नीट ध्यानांत घ्यावा. चाळणी म्हणजे निदान नव्हे. एक हिशेब मांडूं. समजा, बडनेऱ्यांतील १००० माणसांचीं छायाचित्रें काढलीं व त्यांत खरे रोगी १० आहेत. यंत्र दहांपैकीं ९ रोगी पकडतें, परंतु निरोगी माणसांपैकीं दर दहांत एकावर चुकून संशय घेतें. निरोगी ९९०, म्हणून व्यर्थ संशय ९९ जणांवर. एकंदर संशयित १०८, आणि त्यांत खरे रोगी अवघे ९! म्हणजे बारांपैकीं अकरा जण निरोगी. आणि एक रोगी तर हातचा निसटलाच. याकरितां संशयिताच्या थुंकीची तपासणी करून मगच रोग ठरवावा लागतो. तरीही १००० जणांऐवजीं १०८ जणांचीच तपासणी करावी लागली, हा लाभ लहान नव्हे.

दुसरी एक अडचण आहे. न्यूमोनिया ओळखावयास शिकविलेल्या यंत्राविषयीं २०१८ सालीं अमेरिकेंत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छायाचित्र कोणत्या रुग्णालयाचें, हें यंत्र ओळखीत असे. आणि एका रुग्णालयांत न्यूमोनियाचे रोगी अधिक असल्यामुळें त्या खुणेचाही आधार घेई. परक्या रुग्णालयाचीं छायाचित्रें येतांच त्याची अचूकता घटली. पारख्यानें रुई सोडून गांठीवरचा शिक्का पाहावा, तसाच हा प्रकार! म्हणून दूरच्या लोकांवर शिकलेलें यंत्र आपल्या लोकांवर पारखून घेतल्यावांचून त्यावर विसंबूं नये.

तात्पर्य, यंत्र बोट दाखवितें. निर्णय मनुष्यानेंच द्यावयाचा. छायाचित्रांतील डागावरून शेजाऱ्यास 'क्षयी' ठरवून दूर लोटणें हा अन्याय होय. आणि यंत्रानें निर्दोष म्हटलें म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अंगावर काढणें हा अविचार होय. क्षयाची तपासणी व औषधें सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि औषधक्रम पुरा केल्यास हा रोग बरा होतो. एवढें तरी प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरीं जाऊन सांगावें.