अळीला घाई करू नकोस

पोरी, कीटकांच्या बाहुल्यांची पेटी आता तुझ्याकडे आली, म्हणून चार गोष्टी सांगते.

खेळ मुलांसाठी म्हणून बोलावतील, पण तू आईबापांकडे लक्ष ठेव. लहान मूल अळी दिसली की वाकून बघतं; ‘शी, टाक ते’ हे त्याला घरात ऐकून कळतं. म्हणून मुलं सतरंजीवर आणि मोठी माणसं मागं खुर्च्यांवर, अशी बैठक मांडू देऊ नकोस. ज्याचं मूल त्याच्या मांडीवर. अळी पुढं सरकली की मूल आधी आईच्या तोंडाकडे बघतं. त्या तोंडावर किळस आली तर तुझा पुढचा अर्धा तास वाया.

पाय मोजून लाव. सहाच, आणि सगळे छातीला. घाईत मी एकदा मुंगीचे दोन पाय पोटाला शिवले होते. खेळ संपल्यावर एका मुलीनं वहीत काढलेली मुंगी आणून दाखवली. तिची बरोबर होती. त्याच रात्री टाके उसवले. कोळ्याला आठ पाय, तो कीटक नव्हे. पण त्याला पाहुणा म्हणून जरूर आण आणि पाय मुलांकडूनच मोजून घे.

आता लिंबावरची अळी. पेटीतला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच. आधी काळपट मोजा घाल, त्यावर पांढरा डाग. बघणाऱ्याला चिमणीची शीट वाटली पाहिजे. पक्ष्यांनाही ती तशीच वाटते, म्हणून तर अळी वाचते. मग कात टाकल्यासारखा तो मोजा सावकाश सोलून काढ, आतून हिरवा निघेल. अळीला घाई करू नकोस. लोक चुळबुळले तरी चालेल. हिरव्या मोज्याला डोक्यामागं चीर ठेवलीय. अळीला कुणी डिवचलं की त्या चिरेतून लाल कापडात गुंडाळलेली तुझी दोन बोटं एकदम बाहेर आली पाहिजेत. ते तिचं शत्रूला भिववण्याचं शिंग, आणि त्याला उग्र वास असतो. दुसऱ्या हातात लिंबाची साल ठेव आणि नेमकी तेव्हाच चुरड. वास पुढच्या रांगेपर्यंत जातो आणि मोठी माणसंही मान पुढं काढतात.

फुलपाखरू निघाल्यावर त्याला तोंड उघडून बोलायला लावू नकोस. त्याला गुंडाळलेली सोंड असते. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना, ती लाव; फूल जवळ आलं की फुंक. काळ्या-निळ्या पंखांचं आहे ते राणी पाखरू, २०१५ पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याची अळीही लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर वाढते, हे सांगितलंस की कुंडीतल्या लिंबावर औषध मारणारा हात थबकतो.

रातकिड्याला तोंडानं आवाज देऊ नकोस. नर पंखावर पंख घासतो. जाड दातांच्या कंगव्यावरून पुठ्ठा ओढ आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांग.

दोऱ्यांचं काम शिकायचं तर कुडाळजवळ पिंगुळीला जा, ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या बघ. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चतुर हवेत स्थिर कसा धरायचा, ते पुस्तकात वाचून जमत नाही.

डासाला राक्षस करू नकोस. पायांवर पांढरे पट्टे असलेली, दिवसा चावणारी एडिसची मादी दाखव. पाण्यात उलट्या लटकणाऱ्या अळ्या तारेच्या कर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याला एकदा भांडी नुसती ओतायची नाहीत, घासून कोरडी करायची. अंडी कडेला चिकटलेली असतात. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली यांचं नाव घ्यायला विसरू नकोस.

आणि शेवटी खऱ्या अळ्या असलेली लिंबाची खरी कुंडी मध्यभागी ठेवून तू बाजूला हो. काही बोलू नकोस. कुणीतरी बाप चष्मा सावरत खाली बसेल आणि पोराला म्हणेल, ‘ही बघ, इथं.’ तोवर थांब. निघताना अळ्या मोज. जितक्या नेल्या तितक्या परत आण.